चार जुलैची शेगडी

श्रोतेहो, आजचा विषय पाकशास्त्राचा आहे असें वाटून कोणी रेडिओ बंद करूं नये, आणि कृति उतरून घेण्यासाठीं कोणी कागद-पेन्सिलही शोधूं नये. विषय इतिहासाचा आहे. शेगडी मात्र त्यांत आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जुलै महिन्याची चौथी तारीख हा स्वातंत्र्यदिन. शाळांना उन्हाळ्याची सुटी असते, कचेऱ्या बंद असतात, दिवस लांबलचक असतो. दुपार कलूं लागली कीं घरोघरच्या मागील अंगणांतून धूर वर येऊं लागतो. तीन पायांची एक लोखंडी शेगडी, तींत लोणारी कोळशाच्या वड्या, वर एक जाळी, आणि लांब चिमटा घेऊन शेजारीं उभा असलेला घरचा यजमान. जाळीवर खिम्याच्या चपट्या टिकिया, सॉसेज, कोंबडीचे तुकडे, मक्याचीं कणसें. भोंवतीं दहापांच माणसें, शेजारचें एखादें कुटुंब, धांवणारीं मुलें. अंधार पडला कीं दारूकाम पाहावयास जावयाचें. एवढाच सण. त्यांत ना पूजा, ना मंत्र, ना विशेष पक्वान्न. परक्या माणसास वाटतें कीं हें असेंच पूर्वापार चालत आलें असावें.

तसें तें नाहीं. घरामागील अंगणांत एका कुटुंबानें एका शेगडीवर भाजून खावें ही रीति अमेरिकेंत सर्वत्र रूढ होऊन शंभर वर्षेंही झालेलीं नाहींत. त्यापूर्वीं ह्याच दिवशीं विस्तव पेटे, पण तो साऱ्या गांवाचा असे. जमिनींत चर खणून त्यांत पेटे. आणि रात्रभर त्याच्याजवळ जागणारा माणूस दुसऱ्या दिवशींच्या पंक्तीचा यजमान नसे. तो विस्तव गांवाच्या माळावरून घराच्या अंगणांत कसा आला, आणि अंगण तरी कोणाच्या वांट्यास आलें, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. ‘बार्बेक्यू’ हा शब्द आतां आपल्या शहरांतही खानावळींच्या पाट्यांवर दिसतो. तो मूळचा इंग्रजी नव्हे. कोलंबस १४९२ सालीं ज्या बेटांवर उतरला तेथें टायनो लोकांची वस्ती होती. काठ्या रोवून त्यांवर आडव्या काठ्या बांधलेलें जें मचाण ते लोक करीत, त्याचें नांव स्पॅनिश कानांना ‘बार्बाकोआ’ असें ऐकूं आलें, आणि ओव्हिएदो नांवाच्या स्पॅनिश बखरकारानें सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तें लिहून ठेविलें. मचाणाखालीं मंद विस्तव ठेवून वर मासे व मांस भाजीत. पण असल्याच मचाणावर धान्यही ठेवीत, आणि विल्यम डँपियर ह्या इंग्रज दर्यावर्द्यानें १६९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनांत तर आपण त्यावर रात्रीं निजलों असें म्हटलें आहे. म्हणजे शब्द मूळचा स्वयंपाकघरांतला नसून सुताराच्या अंगणांतला! डॉक्टर जॉन्सनच्या १७५५ च्या कोशांत तो शिरला तोंवर मात्र त्याचा अर्थ अखंड डुक्कर उभें चिरून मोठ्या जाळीवर कोळशाच्या विस्तवानें भाजणें असा पक्का झाला होता. ह्याच प्रकारच्या लांकडी जाळीस ब्राझिलकडील तुपी भाषेंत दुसरें नांव होतें. त्यावरून, रानगुरें मारून मांस धुरावणाऱ्या फ्रेंच शिकाऱ्यांना ‘बुकानिये’ म्हणूं लागले. पुढें ते चांचेगिरीस लागले आणि इंग्रजींत तें नांव चांच्यांनाच चिकटलें.

विस्तवावर भाजणें ही अर्थात् कोणा एका देशाची मिरास नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या नांवावर असलेल्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत सळईवर मांस भाजण्याचे प्रकार आहेत. आणि भरिताचें वांगें भाजणाऱ्या आपल्या कोणत्याही गृहिणीस निखाऱ्याचें शास्त्र शिकविण्याचें कारण नाहीं. अमेरिकेचें वैशिष्ट्य भाजण्यांत नाहीं. त्या भाजण्यास राष्ट्रीय सणाचें रूप आलें, ह्यांत आहे.

हें रूप घडलें तें मुख्यतः व्हर्जिनिया व तिच्या शेजारच्या दक्षिणेकडील वसाहतींत. जॉर्ज वॉशिंग्टनच्या रोजनिशींत १७६९ च्या मे महिन्यांत एक नोंद आहे कीं तो अलेक्झांड्रिया गांवीं बार्बेक्यूस गेला आणि रात्रभर तेथेंच राहिला. रात्रभर राहण्याचें कारण तो लिहीत नाहीं. रोजनिशी लिहिण्यांत त्याचा हात आंखडता होता. पुढें तो अध्यक्ष असतांना, १८ सप्टेंबर १७९३ रोजीं, नव्या राजधानींत कॅपिटॉलची कोनशिला त्याच्या हस्तें बसली, आणि समारंभानंतर पांचशें पौंड वजनाचा बैल भाजून जमलेल्या मंडळीस जेवण देण्यांत आलें. वर्गांत अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा धडा शिकवितांना बोस्टनचा चहा मीं तीस वर्षें न चुकतां समुद्रांत बुडविला. हा बैल मात्र आमच्या पाठ्यपुस्तकांत कोठें नव्हता.

१७७६ च्या जुलैंत स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, आणि त्यानंतर चार जुलैचा कार्यक्रम हळूहळू ठरून गेला. सकाळीं तोफांची सलामी, मग जाहीरनाम्याचें वाचन, मग एखाद्या वकिलाचें किंवा पाद्र्याचें लांबलचक भाषण, आणि त्यानंतर पंक्ति. मूळच्या तेरा वसाहतींच्या स्मरणार्थ तेरा पेले उचलण्याची चाल होती. दक्षिणेंत ह्या पंक्तीचें अन्न म्हणजे बार्बेक्यू. निवडणुकीच्या उमेदवारांना ही संधि दिसली नसती तरच नवल. मतदारांना खाऊं-पिऊं घालण्याची रीति इतकी मुरलेली होती कीं, पुढें अमेरिकेच्या राज्यघटनेचा शिल्पकार म्हणून गाजलेला जेम्स मॅडिसन १७७७ सालीं व्हर्जिनियाच्या विधिमंडळाच्या निवडणुकींत पडला, आणि त्याचें कारण त्यानें मतदारांना दारू पाजण्याचें नाकारलें हें होतें. १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकींत तर विल्यम हेन्री हॅरिसनच्या पक्षानें देशभर मोठमोठे बार्बेक्यू घालून मतांची मशागत केली. निवडणूक जिंकून तो अध्यक्ष झाला, आणि एका महिन्यांतच वारला.

आतां हें अन्न शिजे कसें तें पाहूं; कारण खरा इतिहास तेथें आहे. आदल्या दिवशीं माळावर दोन-तीन फूट खोल चर खणीत. त्याची लांबी जनावरांच्या संख्येवर अवलंबून. चराच्या बाजूस हिकरीच्या किंवा ओकच्या लांकडांची मोठी धुनी पेटवीत, आणि तिचे निखारे पडतील तसतसे फावड्यानें उचलून चरांत पसरीत. जाळ चरांत नको, नुसते निखारे. चरावर ओल्या लांकडाचे दांडे आडवे टाकून त्यांवर अखंड डुक्कर, बकरें किंवा बैलाचे मोठे भाग ठेवीत. तें शिजावयास सारी रात्र लागे. कोठें निखारे कमी झाले, कोठें चरबी गळून भडका उडाला, कोणती बाजू केव्हां उलटावयाची, हें क्षणोक्षणीं पाहावें लागे. डोळे धुरानें चुरचुरत, हातांना पोळे, आणि झोंपेचें नांव नाहीं.

हें काम कोण करी? बहुतेक ठिकाणीं गुलाम करीत. १९३६ ते १९३८ ह्या काळांत अमेरिकन सरकारनें बेकार लेखकांना काम देण्यासाठीं एक योजना काढली होती. तींत, एके काळीं गुलाम असलेल्या आणि तोंवर हयात राहिलेल्या वृद्धांच्या आठवणी लिहून घेण्यांत आल्या. साउथ कॅरोलिनांतील वेस्ली जोन्स ह्यांची आठवण त्यांत आहे. त्या वेळीं त्यांनीं नव्वदी ओलांडलेली होती. बार्बेक्यूच्या आदल्या रात्रीं आपण रात्रभर जागून मांस भाजीत असूं असें ते सांगतात. लांब काठीच्या टोंकाला मऊ फडकें गुंडाळावयाचें, तें मसाल्याच्या पाण्यांत बुडवून मांसावर फिरवावयाचें, आणि तें पाणी निखाऱ्यांवर ठिबकूं द्यावयाचें, म्हणजे जो धूर उठे तोच मसाल्याचा होऊन मांसांत मुरे. त्या पाण्यांतील पदार्थही त्यांनीं ओळीनें सांगितले आहेत: व्हिनेगर, काळी मिरी, लाल मिरची, मीठ, लोणी, धने, कांदा, लसूण आणि एक-दोन सुगंधी पाले. सत्तर-बहात्तर वर्षें लोटल्यावरही त्या माणसाला मसाल्याचा एकेक जिन्नस आठवत होता! अमेरिकेंतील ज्या पाककलेचा आज एवढा बोलबाला आहे तिचे आचार्य हे असे होते. जाहीर पंक्तीच्या वृत्तांतांत बैलाचें वजन येई, वक्त्याचें नांव येई, तेरा पेल्यांची यादी येई. चराजवळच्या माणसाचें नांव क्वचितच येई.

कांहीं मालक आपल्या गुलामांनाही अशा दिवशीं सुटी व मेजवानी देत, हें खरें. त्या औदार्याचें मोल करण्याचा अधिकार ज्याला होता त्यानेंच तें केलें आहे. फ्रेडरिक डग्लस हे १८३८ सालीं गुलामगिरींतून निसटले. १८४५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत नाताळच्या सुट्यांविषयीं ते म्हणतात कीं, वाफेच्या यंत्राला जशी जादा वाफ जाऊं देणारी झडप असते तशा ह्या सुट्या. त्या नसत्या तर बंडें झालीं असतीं. पुढें १८५२ सालीं रॉचेस्टर शहरांतील एका गुलामगिरीविरोधी महिलामंडळानें त्यांना स्वातंत्र्यदिनाच्या भाषणास बोलाविलें. त्यांनीं चौथी तारीख टाळून पांच जुलैस भाषण केलें, आणि समोरच्या गोऱ्या, सहानुभूतीच्या श्रोत्यांनाच विचारलें कीं हा तुमचा दिवस गुलामाच्या दृष्टीनें काय आहे. संबोधनांत ‘तुमचा’ हा शब्द त्यांनीं मुद्दाम घातला होता.

बंडांची भीति अनाठायीं नव्हती. व्हर्जिनियांतील नॅट टर्नरनें आपल्या बंडासाठीं प्रथम १८३१ च्या जुलैची चौथी तारीखच ठरविली होती. तो आजारी पडल्यामुळें बेत लांबला. २१ ऑगस्टला तो व त्याचे साथीदार रानांत जमले तेव्हां एकानें डुक्कर आणलें होतें आणि दुसऱ्यानें ब्रँडी. त्या जेवणांत ठरलेल्या बेतांतून पुढच्या दोन दिवसांत पन्नासाहून अधिक गोरीं माणसें, बायकामुलांसकट, मारलीं गेलीं. आणि नंतरच्या सूडांत त्याहून अधिक कृष्णवर्णीयांचा बळी पडला, ज्यांतल्या पुष्कळांना बंडाची वार्ताही नव्हती.

यादवी युद्ध संपल्यावर १९ जून १८६५ रोजीं जनरल ग्रेंजर ह्यानें टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथें गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम वाचला. दुसऱ्या वर्षापासून टेक्सासमधील मुक्त लोक ती तारीख सणासारखी पाळूं लागले. सणाला अन्न कोणतें? जें त्यांना सर्वांत उत्तम येत होतें तें. तेच चर, तेच निखारे, पण आतां चराजवळचा माणूस आणि पंक्तीला बसणारा माणूस एकच होता. अडचण जागेची होती. सार्वजनिक बागा त्यांना मोकळ्या नव्हत्या. तेव्हां ह्यूस्टन शहरांतील मुक्त लोकांनीं वर्गणी गोळा केली आणि १८७२ सालीं, जॅक येट्स ह्या धर्मोपदेशकाच्या व त्याच्या सहकाऱ्यांच्या पुढाकारानें, दहा एकर जमीन विकत घेतली. वर्षांतून एक दिवस आपला विस्तव आपल्या जमिनीवर पेटावा, एवढ्यासाठीं! ती बाग आजही ‘इमॅन्सिपेशन पार्क’ ह्या नांवानें आहे. आणि १९ जूनचा दिवस २०२१ सालीं साऱ्या देशाची सरकारी सुटी झाला. उन्हाळ्यांतील सुटीसाठीं लोकांनीं जमीन खरेदी केल्याचें ह्याहून हृद्य उदाहरण माझ्या वाचनांत नाहीं.

हा झाला माळावरचा विस्तव. तो अंगणांत येण्यास दोन गोष्टी हव्या होत्या: लहान शेगडींत मावेल असें जळण, आणि खुद्द अंगण.

जळणाची गोष्ट मोठी गमतीची आहे, कारण ती मोटारीच्या पोटांतून निघाली. हेन्री फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीला सांगाडा, तळफळ्या आणि चाकांचे आरे ह्यांसाठीं पुष्कळ लांकूड लागे. म्हणून १९२० च्या सुमारास त्यानें मिशिगन संस्थानांत तीन लक्ष एकरांहून अधिक जंगल विकत घेतलें आणि आयर्न माउंटन येथें लांकडाचा कारखाना काढला. हा व्यवहार जुळविण्यांत एडवर्ड किंग्जफर्ड ह्याची मदत झाली. फोर्डच्या नात्यांतली बहीण त्याची बायको. कारखान्यांत फांद्या, साली, भुसा ह्यांचे डोंगर सांचूं लागले. फोर्डला एक खिळा वांया गेलेला खपत नसे. ओरेगॉन विद्यापीठांतील ओरिन स्टॅफर्ड ह्या रसायनशास्त्रज्ञानें असल्या टाकाऊ लांकडाचा कोळसा करून, त्याची पूड पिठाच्या खळीनें बांधून, दाबून वड्या पाडण्याची रीति शोधली होती. ती फोर्डनें उचलली. कारखान्याच्या रचनेंत थॉमस एडिसनचा हात होता असें त्या धंद्याच्या इतिहासांत सांगतात. ह्या वड्या फोर्डच्या मोटारींच्या दुकानांतून विकल्या जाऊं लागल्या, आणि पुढें त्यांच्याबरोबर सहलीसाठीं एक छोटी शेगडीही मिळूं लागली. मोटार घ्या, कोळसा घ्या, गांवाबाहेर जा, भाजून खा, असा एकूण बेत. १९५१ सालीं तो कारखाना दुसऱ्यांनीं घेतला व त्याला किंग्जफर्डचें नांव दिलें. आज अमेरिकेंतील दुकानांत दिसणाऱ्या कोळशाच्या पिशव्यांवर बहुधा हेंच नांव असतें. आपल्याकडे लोणारी समाजानें पिढ्यान् पिढ्या भट्ट्या लावून कोळसा पाडला; त्यालाही कोणी एखादी मोटार जोडून दिली असती, तर त्याच्या धंद्याचें काय झालें असतें कोण जाणे.

अंगणांत भाजण्याचा छंद प्रथम कॅलिफोर्नियांत फोफावला, तेथील कोरड्या उन्हाळ्यामुळें. तेथील ‘सनसेट’ मासिकानें १९३८ सालीं ह्या विषयावर एक स्वतंत्र पुस्तक काढलें. १९४१ सालीं जेम्स बिअर्ड ह्या प्रसिद्ध पाकशास्त्रज्ञाचें उघड्यावरील स्वयंपाकाचें पुस्तक निघालें. पण लगेच युद्ध आलें, १९४३ पासून मांसावर रेशन बसलें, आणि छंद थांबला.

युद्ध संपलें आणि लक्षावधि सैनिक घरीं परतले. १९४४ च्या कायद्यानें त्यांना घरासाठीं कर्जाची हमी मिळाली होती. न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, पूर्वीं बटाट्याचीं शेतें होतीं त्या जागीं, लेव्हिट कंपनीनें १९४७ पासून एका छापाचीं घरें बांधण्यास सुरुवात केली आणि १९५१ पर्यंत सतरा हजारांहून अधिक घरें उभीं केलीं. प्रत्येक घरास साठ फूट रुंद व शंभर फूट लांब जमीन. चाळींत आणि भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीनें वाढलेल्या माणसाला आयुष्यांत प्रथमच स्वतःचें अंगण मिळालें. त्यानें त्यांत काय करावें? हिरवळ लावली, आणि शेगडी मांडली. १९५२ सालीं शिकागोजवळ पत्र्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन ह्यानें तळ्यावर तरंगत्या खुणांसाठीं तयार होणारा धातूचा पोकळ गोळा मधोमध कापून त्याची शेगडी केली: खालचा भाग निखाऱ्यांचा, वरचा झांकणाचा, दोहोंना वारा घेण्याचे झरोके. वारा-पावसाची पंचाईत मिटली. ती गोल शेगडी आजही जवळजवळ त्याच आकाराची आहे. जपानी ‘हिबाची’ नांवाची बिडाची लहान शेगडीही ह्याच सुमारास तेथें लोकप्रिय झाली. अध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांना मांसाचे जाड काप जाळीवांचून थेट निखाऱ्यांवर टाकून भाजण्याची हौस होती, आणि त्याचें कौतुक वर्तमानपत्रांतून होई. एरवीं स्वयंपाकघराची पायरी न चढणारा अमेरिकन पुरुष अंगणांतल्या शेगडीपाशीं मात्र एप्रन बांधून उभा राहूं लागला. चिरणें, कालविणें आणि मागाहून भांडीं घासणें हें काम कोणाकडे राहिलें, हें आमच्या भगिनींना सांगावयास नको.

हें चित्र फार गोड आहे. त्याची दुसरी बाजू लेव्हिटच्या पहिल्या करारपत्रांत छापलेली होती. गोऱ्या वंशाखेरीज इतर कोणासही हें घर वापरूं देऊं नये, असें तें कलम. आणि लगेच पुढें सवलत अशी कीं, घरकामाचे नोकर इतर वंशांचे असल्यास चालतील. म्हणजे शेगडी पेटविण्यास चालेल, पंक्तीस चालणार नाहीं, हीच जुनी चराची व्यवस्था! १९४८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशीं कलमें न्यायालयांमार्फत अंमलांत आणतां येणार नाहींत असा निकाल दिला. तरीही विकणाऱ्यांचे व्यवहार बदलले नाहींत. १९५७ च्या ऑगस्टमध्यें पेनसिल्व्हानियांतील दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्यें मायर्स हें पहिलें कृष्णवर्णीय कुटुंब राहावयास आलें, तेव्हां घरापुढें रोज रात्रीं जमाव जमे. दगडांनीं खिडकीची कांच फुटली. तें कुटुंब हललें नाहीं. कांहीं शेजारी त्यांच्या बाजूनें उभे राहिले, हेंही नमूद केलें पाहिजे. घर विकतांना अथवा भाड्यानें देतांना वर्ण पाहण्यास देशभर बंदी करणारा कायदा झाला तो ११ एप्रिल १९६८ रोजीं, मार्टिन ल्यूथर किंग ह्यांचा खून झाल्यावर सात दिवसांनीं. ज्यांच्या आजा-पणजांनीं साऱ्या देशाला निखाऱ्यांवर भाजणें शिकविलें, त्यांना एक शेगडी मांडण्यापुरतें अंगण कायद्यानें मिळण्यास स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापासून एकशें ब्याण्णव वर्षें लागलीं.

ह्या कायद्याशीं आपलाही संबंध आहे. १९४६ च्या कायद्यानें हिंदुस्थानांतून वर्षाला अवघ्या शंभर माणसांना अमेरिकेंत कायमचें राहावयास जातां येत असे. १९६५ च्या कायद्यानें ती मर्यादा उठली आणि आपलीं मुलें तिकडे जाऊं लागलीं. एका कायद्यानें देशाचें दार उघडलें, तर दुसऱ्यानें वस्तीचें. आणि हा दुसरा कायदा कृष्णवर्णीयांच्या लढ्यांतून आलेला आहे. न्यू जर्सी संस्थानांत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. माझी धाकटी कन्या तेथेंच असते, आणि तिच्या अंगणांतील चार जुलैची शेगडी मीं पाहिली आहे. तेथून जवळच एडिसन नांवाचें गांव आहे, ज्यांत आपल्या लोकांचीं दुकानें ओळीनें लागलेलीं आहेत. कोळशाच्या कारखान्याच्या गोष्टींत ज्याचें नांव आतांच आलें त्याच एडिसनची प्रयोगशाळा तेथें होती, आणि म्हणून १९५४ सालीं गांवानें त्याचें नांव घेतलें.

मराठी घरच्या शेगडीवर काय असतें? पनीर, ढोबळी मिरची, भरिताचीं वांगीं, आणि कणसें. जुलैंत आपल्याकडे धो धो पाऊस कोसळत असतो आणि आपण छत्री सांवरीत गाडीवरचें कणीस तिखट-मीठ-लिंबू लावून खातों. तेथें तेंच कणीस स्वच्छ उन्हांत. मका मूळचा अमेरिकेचा, मिरचीही तिकडचीच. मक्याचें इंग्रजी नांव तर बार्बेक्यूसारखेंच टायनो लोकांच्या भाषेंतलें आहे. तीं लोकवस्ती स्पॅनिश अंमलाखालीं पन्नास-साठ वर्षांतच जवळजवळ लयास गेली, आणि चार शब्द मागें राहिले.

आतां आरंभीं टाळलेली कृति. कारण ती फार थोडी आहे. तळाशीं भोंकें असलेल्या पत्र्याच्या नळकांड्यांत वड्या भरून खालून कागद पेटवावा. रॉकेल वापरूं नये, वास राहतो. पंधरा-वीस मिनिटांनीं वड्यांवर करडी राख धरते. नवखा माणूस येथेंच चुकतो. त्याला ज्वाळा दिसल्या कीं घाई होते. ज्वाळा गेल्यावरच खरें काम सुरू होतें, हें रात्रभर जागणारे ते जुने लोक पक्कें जाणत होते. निखारे शेगडीच्या अर्ध्या भागांत पसरावे व अर्धा मोकळा ठेवावा, म्हणजे प्रखर आंच आणि मंद आंच दोन्ही हाताशीं राहतात. जाळीच्या वर वीतभर तळहात धरावा. दोन-तीन अंक मोजेपर्यंत मागें घ्यावा लागला तर आंच कडक आहे. भाजलेल्या पदार्थाला जो तांबूस रंग आणि खमंगपणा येतो तो प्रथिनांतील द्रव्यें व शर्करा ह्यांच्या संयोगानें येतो. १९१२ सालीं मेयार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें तो उलगडण्यास आरंभ केला. खिम्याच्या टिकिया करणाऱ्यांनीं त्या आंतपर्यंत शिजवाव्या, सुमारें ७१ अंश उष्णतेपर्यंत. कारण अखंड मांसाच्या पृष्ठभागावरचे जंतु कुटतांना आंत जातात. कणसाचा पाला मागें सारून रेशीम काढावें, पाला पुन्हां झांकून अर्धा तास पाण्यांत बुडवावें, आणि मंद बाजूस ठेवून पंधरा-वीस मिनिटें फिरवीत राहावें. वांगीं शेवटीं, निखारे उतरत आल्यावर ठेवावीं.

जेवणें झालीं कीं झांकण लावून वरचे व खालचे झरोके बंद करावे. वारा न मिळाल्यानें निखारे हळूहळू विझतात, आणि अर्ध्या जळलेल्या वड्या पुढच्या खेपेस कामीं येतात.